परदेशी मांडव, आपले मंगल
लग्न लावणाऱ्या ‘सेलिब्रंट’ची निवड करण्यापूर्वी कुटुंबाने जाणून घ्यावे असे काही

लग्न ठरले की आपल्या घरांत पहिला प्रश्न मुहूर्ताचा निघतो, दुसरा कार्यालयाचा आणि तिसरा स्वयंपाकाचा. लग्न कोण लावणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सांगली-कोल्हापूरकडील घराण्यांत उपाध्ये ठरलेले असतात. गुजराती-मारवाडी कुटुंबांत विधिकार किंवा महाराज पिढ्यान्‌पिढ्या येत असतात. आंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात, फेरे होतात आणि साऱ्या समाजाच्या साक्षीने दोन जीव पती-पत्नी होतात. सरकारी दप्तरातील नोंद ही त्यानंतर सवडीने उरकायची बाब असते.

मुलगा मेलबर्नला, मुलगी लेस्टरला किंवा न्यू जर्सीला स्थायिक झाली आणि लग्न तेथेच करायचे ठरले, की हा क्रम उलटा होतो. तेथे पहिला प्रश्न हाच असतो : लग्न लावण्याचा अधिकार कोणाला आहे? मुंबईहून उपाध्ये नेले, विधी यथासांग झाले, पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या, तरीही त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने वधू-वर अविवाहित राहू शकतात. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येते ती व्हिसाच्या अर्जाच्या वेळी, घर घेताना किंवा, त्याहून वाईट म्हणजे, संसारात वितुष्ट आल्यावर. म्हणून ‘सेलिब्रंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीचे काम, तिचे अधिकार आणि त्या अधिकारांच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

एका पत्रातून उभी राहिलेली संस्था

सेलिब्रंट म्हणजे समारंभाची मांडणी करणारी आणि तो चालवणारी व्यक्ती. ती धर्मगुरू असतेच असे नाही आणि सरकारी कारकून तर मुळीच नसते. या व्यवसायाला आजचे रूप मिळाले ते ऑस्ट्रेलियात. १९७३ पूर्वी त्या देशात लग्न करण्याचे दोनच मार्ग होते : चर्चसारख्या धर्मसंस्थेत किंवा विवाह नोंदणी कार्यालयात. नोंदणी कार्यालयातील विधी काही मिनिटांत, कोरडेपणाने आणि कामाच्या वेळेतच उरकला जाई. घटस्फोटितांना, भिन्न धर्मांच्या जोडप्यांना आणि चर्चशी नाते न उरलेल्यांना सन्मानाने लग्न करता येईल अशी जागाच नव्हती.

व्हिटलम सरकारातील ॲटर्नी जनरल लायोनेल मर्फी यांना ही उणीव खटकत होती. १९६१ च्या विवाह कायद्यात योग्य व्यक्तींना विवाह लावण्याचा अधिकार देण्याची तरतूद होतीच. तिचा आधार घेऊन त्यांनी १९ जुलै १९७३ रोजी क्वीन्सलँडमधील लोइस डार्सी या तरुण शिक्षिकेची पहिली नागरी सेलिब्रंट म्हणून नियुक्ती केली. खात्यातील अधिकाऱ्यांचा या कल्पनेला विरोध होता. तेव्हा मर्फी यांनी रात्री कार्यालयात बसून नियुक्तीचे पत्र स्वतः टंकलिखित केले आणि स्वतःच टपालात टाकले, अशी आठवण त्या चळवळीतील मंडळी सांगत आली आहेत. आज ऑस्ट्रेलियातील दर पाच विवाहांपैकी सुमारे चार विवाह नागरी सेलिब्रंट लावतात. समुद्रकिनारी, बागेत, द्राक्षमळ्यात किंवा घराच्या अंगणात, कोठेही आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी विवाह लावण्याची मुभा तेथील कायदा देतो.

मात्र ही मुभा म्हणजे मोकळीक नव्हे. नागरी सेलिब्रंट होण्यासाठी विहित अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, सरकारी नोंदवहीत नाव लागते, दरवर्षी ज्ञान अद्ययावत ठेवावे लागते आणि आचारसंहिता पाळावी लागते. नोंदणीकृत सेलिब्रंटांची यादी ॲटर्नी जनरलच्या खात्याने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. मालाची पारख केल्याशिवाय सौदा न करणाऱ्या आपल्या समाजाने या बाबतीतही हाच नियम पाळावा. नाव त्या यादीत आहे की नाही, हे सर्वप्रथम पाहावे.

कायद्याला किती हवे?

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याला विवाहाकडून हव्या असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. पण त्यांत तडजोड नाही. वधू-वर त्या देशाचे नागरिक किंवा रहिवासी असलेच पाहिजेत अशी अट नाही. त्यामुळे भारतातून गेलेले जोडपेही तेथे विवाह करू शकते. वय १८ वर्षे पूर्ण हवे. ‘नियोजित विवाहाची सूचना’ या नावाचा अर्ज विवाहाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हाती पडला पाहिजे आणि तो १८ महिन्यांहून जुना नसावा. त्यासोबत पासपोर्ट किंवा जन्मदाखला आणि ओळखीचा पुरावा लागतो. पूर्वीचा विवाह संपुष्टात आलेला असल्यास घटस्फोटाचा हुकूम किंवा मृत्यूचा दाखला दाखवावा लागतो. कागद इंग्रजीत नसेल तर त्याचे अधिकृत भाषांतर द्यावे लागते. तिकिटे काढून लग्नाच्या आठ दिवस आधी उतरणाऱ्या कुटुंबाची अडचण होते ती येथेच. मुदत कमी करून मिळण्याची तरतूद आहे, पण ती ठराविक कारणांसाठी आणि स्वतंत्र अधिकाऱ्याच्या मंजुरीने. ‘मुहूर्त जवळचा निघाला’ म्हणून ती मिळेलच असे गृहीत धरू नये.

प्रत्यक्ष समारंभात सेलिब्रंटने कायद्यात दिलेली काही वाक्ये उच्चारावी लागतात. आपल्याला विवाह लावण्याचा अधिकार आहे आणि या देशाच्या कायद्यानुसार विवाह म्हणजे इतर सर्वांना वगळून दोन व्यक्तींनी स्वेच्छेने आजन्म स्वीकारलेले ऐक्य होय, असा त्यांचा आशय असतो. त्यानंतर वधू आणि वर या दोघांनीही उपस्थितांना साक्षी ठेवून एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे शब्द मोठ्याने म्हणावे लागतात. १८ वर्षांवरील दोन साक्षीदार हजर असावे लागतात. शेवटी सह्या होतात, आणि सेलिब्रंटने १४ दिवसांच्या आत कागद त्या राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाकडे पाठवायचे असतात.

जून २०२४ पासून आणखी एक दंडक आला आहे. विवाहापूर्वी सेलिब्रंटने वधूला आणि वराला वेगवेगळे, प्रत्यक्ष भेटून त्यांची संमती खरी आहे याची खात्री करून घ्यायची असते. वडीलधाऱ्यांना ही भेट खटकू शकते. ‘आमच्या मुलीला एकटीला काय विचारायचे आहे?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ही चौकशी कुटुंबावरील अविश्वासापोटी होत नाही. दडपणाखाली झालेल्या विवाहांपासून तरुण मुलामुलींचे रक्षण व्हावे, एवढाच तिचा हेतू आहे. त्या खोलीबाहेर दहा मिनिटे शांतपणे थांबणे, हाही कन्येच्या सन्मानाचाच भाग समजावा.

आपले विधी कोठे बसतात?

हे सर्व वाचून असे वाटेल की, आपल्या विधींना तेथे जागाच नाही. वस्तुस्थिती उलट आहे. कायद्याला लागणारी वाक्ये दोन-तीन मिनिटांची असतात. उरलेला सारा समारंभ कुटुंबाचा असतो. त्यात विनायक यंत्राचे पूजन करावे, मंगलाष्टके म्हणावीत, फेरे घ्यावेत किंवा सप्तपदी करावी; कायदा आड येत नाही.

व्यवहारात चार मार्ग दिसतात. पहिला, विधी चालवणारे पंडित स्वतःच विवाह लावण्यास अधिकृत असणे. तेथील काही मंदिरांच्या पुरोहितांना असा अधिकार असतो. मात्र तो गृहीत न धरता त्यांचे नाव यादीत पाहावे. दुसरा, एकाच मांडवात पंडितांनी धार्मिक विधी आणि नागरी सेलिब्रंटने कायदेशीर भाग पार पाडणे. तिसरा, आधी चार माणसांत कायदेशीर विवाह आणि नंतर मोठ्या समारंभात आपले विधी. चौथा, विवाह भारतातच रीतसर करून परदेशात केवळ आनंदसोहळा करणे.

दुसऱ्या मार्गात एक गोष्ट जपावी लागते. सेलिब्रंट एका कोपऱ्यात उभा राहून शेवटी सही करणारा पाहुणा नव्हे. विवाह त्याने लावलेला असला पाहिजे, म्हणजे समारंभात त्याचा ठळक वाटा असला पाहिजे. अनेक कुटुंबे यासाठी सुंदर योजना करतात. आंतरपाट धरण्यापूर्वी सेलिब्रंट पाहुण्यांचे स्वागत करतो, कायद्याची वाक्ये म्हणतो आणि वधू-वरांकडून स्वीकाराचे शब्द वदवून घेतो. मग सूत्रे पंडितांच्या हाती जातात. त्यानंतर प्रत्येक विधीआधी एक-दोन वाक्यांत सेलिब्रंट त्याचा अर्थ इंग्रजीत सांगतो. पडद्याआड उभे असलेले दोघे आणि मंगलाष्टके संपताच दूर होणारा तो पडदा यांचा अर्थ एकदा समजला, की परक्या पाहुण्यांच्याही डोळ्यांत पाणी उभे राहते. केवळ ‘रंगीत भारतीय लग्न’ पाहायला आलेला माणूस साक्षीदार होऊन परततो.

स्थळकाळाचे भानही ठेवावे लागते. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. मेलबर्नला जून महिन्यात सायंकाळी पाचनंतर लगेच सूर्य मावळतो, तर डिसेंबरात साडेआठनंतरही उजेड असतो. लंडनला याच्या नेमके उलट : डिसेंबरात चारच्या आतच सूर्यास्त. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने भोजनाची वेळ आधी ठरवावी आणि मग तीवरून विवाहाची वेळ मागे मोजावी. ‘समारंभ चारला, छायाचित्रे पाचला, भोजन सातला’ हा तिकडचा नेहमीचा साचा आपल्या उपयोगाचा नाही, हे सेलिब्रंटला पहिल्याच भेटीत सांगितले तर तो वेळापत्रक बसवून देतो. भोजनात कंदमुळे चालत नाहीत, हे स्वयंपाक्याला लेखी द्यावे. ‘शाकाहारी’ या एका शब्दात बटाटा, कांदा आणि लसूण सुखेनैव बसतात.

अग्नीचेही तसेच. बंद सभागृहात हवन करायचे तर स्थळाची लेखी परवानगी आणि धूरसूचक यंत्रणेची व्यवस्था आधी करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे काही दिवशी उघड्यावर अग्नी पेटवण्यास संपूर्ण बंदी जाहीर होते. बागेतील लग्नासाठी पर्यायी छप्पर मनात धरलेले असावे. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमेनंतर आपल्याकडे मुहूर्त सुरू होतात, तेव्हा तेथे वसंताचा बहर आणि लग्नांचा ऐन हंगाम असतो. चांगले सेलिब्रंट वर्षभर आधीच ठरलेले असतात, हे लक्षात घ्यावे.

शब्दांची वीण

सेलिब्रंटच्या कामाचा खरा कस लागतो तो समारंभाची संहिता लिहिताना. चांगला सेलिब्रंट वधू-वरांशी दोन-तीन बैठका करतो. ते कसे भेटले, एकमेकांत त्यांना काय आवडते, घरात कोणाचा आधार मोठा, कोणाची उणीव आज भासणार, अशी विचारपूस करतो आणि त्यातून त्यांच्यासाठीच असलेला मजकूर तयार करतो. मसुदा आधी वाचायला देतो, दुरुस्त्या स्वीकारतो. प्रतिज्ञा वधू-वरांनी स्वतः लिहाव्यात यासाठी त्यांना मदत करतो.

येथे आपल्या तरुणांना मोठी संधी आहे. सप्तपदीतील वचने संस्कृतात असतात. ती म्हणणाऱ्यालाही पुष्कळदा अर्थ ठाऊक नसतो. स्वतःच्या भाषेत वचन लिहायला बसले की विचार करावा लागतो. एखादे जोडपे अनेकांतवादाचा आधार घेऊन लिहू शकते की, मतभेदाच्या वेळी समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश आहे हे आम्ही विसरणार नाही. दुसरे जोडपे असे वचन देऊ शकते की, संवत्सरीच्या दिवशी जगाची क्षमा मागण्यापूर्वी आम्ही एकमेकांची क्षमा मागू. अपरिग्रहाचे स्मरण करून ‘आपल्या घरी गरजेपेक्षा अधिक साठवणार नाही’ असे म्हणणाऱ्या व्यापारी घरातील मुलामुलीचे शब्द ऐकताना वडीलधाऱ्यांनाही क्षणभर अंतर्मुख व्हावे लागेल. धर्माची तत्त्वे संसाराच्या वचनांत उतरली, तर परंपरा दुबळी होत नाही. ती समजून घेतली जाते.

भिन्न धर्मांच्या किंवा भिन्न देशांच्या कुटुंबांत विवाह होतो तेव्हा तर सेलिब्रंट हा पूलच ठरतो. एका बाजूला आंतरपाट, दुसऱ्या बाजूला अंगठी. एका बाजूला मद्य निषिद्ध, दुसऱ्या बाजूला पेल्याशिवाय शुभेच्छा अपुऱ्या. कोणाच्या घराचा अनादर न करता काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे नाजूक बोलणे नातेवाइकांनी आपसांत करण्यापेक्षा तिऱ्हाईताच्या उपस्थितीत सोपे जाते. मात्र जे आपल्याला सोडता येणार नाही, ते आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. आयत्या वेळी रुसणे हे धर्मनिष्ठेचे लक्षण नव्हे.

आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांना विसरू नये. दहा-बारा तासांचा विमानप्रवास करून आलेल्या आजीला नातवाच्या लग्नातले एकही वाक्य कळू नये, यासारखे दुःख नाही. समारंभाचा काही भाग मराठीत किंवा गुजरातीत ठेवता येतो. घरातील एखादी व्यक्ती निवडक परिच्छेद वाचू शकते. छापील पत्रिकेत दोन्ही भाषांत क्रम देता येतो. वधू किंवा वराला स्वतःलाच इंग्रजी नीट येत नसेल, तर ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात दुभाष्याची रीतसर तरतूद आहे आणि तिचा उपयोग करायलाच हवा. ज्या शब्दांनी आयुष्य बांधले जाते ते कळले पाहिजेत.

इंग्लंडमध्ये चित्र निराळे

ऑस्ट्रेलियाचे नियम इंग्लंडला लावून अनेकजण फसतात. इंग्लंड व वेल्समध्ये स्वतंत्र सेलिब्रंटला विवाह लावण्याचा कायदेशीर अधिकार नाही. तो कितीही सुंदर समारंभ करील. पण त्याने कोणी विवाहित होत नाही. तेथील व्यवस्था मुख्यतः इमारतीवर आधारलेली आहे : विवाह एक तर नोंदणी कार्यालयात, मान्यताप्राप्त स्थळी निबंधकासमोर, किंवा विवाहासाठी नोंदवलेल्या प्रार्थनास्थळी व्हावा लागतो. निबंधकासमोरच्या नागरी विवाहात धार्मिक मजकुराला मज्जाव असतो. त्यामुळे मंत्र आणि निबंधकाची वाक्ये एकाच विधीत गुंफता येत नाहीत. दोन्ही वेगवेगळे करावे लागतात. स्कॉटलंडचा कायदा पुन्हा वेगळा आहे आणि तेथे मानवतावादी सेलिब्रंटांचे विवाह २००५ पासून कायदेशीर ठरत आले आहेत.

इंग्लंडमध्ये विवाहाची सूचना द्यायची तर आपल्या भागात किमान सात दिवस राहिलेले असावे लागते आणि सूचनेनंतर किमान २८ दिवस थांबावे लागते. केवळ लग्नासाठी जाणाऱ्या परदेशी व्यक्तीला त्यासाठीचा स्वतंत्र व्हिसा लागतो. मे २०२१ पासून विवाहनोंदीत वडिलांबरोबर आईचेही नाव येऊ लागले, हा स्वागतार्ह बदल.

या भेदाचे गांभीर्य एका निकालाने स्पष्ट केले आहे. १९९८ मध्ये लंडनमधील एका उपाहारगृहात एका मुस्लिम जोडप्याचा धर्मविधीने विवाह झाला. नागरी विवाह नंतर करायचा होता. पत्नीने तशी मागणीही केली. पण तो कधी झालाच नाही. चार मुले झाली, संसार दीर्घकाळ चालला आणि मग मोडला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की, त्या समारंभाने कायद्याच्या दृष्टीने विवाहच घडला नव्हता. तो अवैध विवाहही नव्हता. परिणामी घटस्फोटित पत्नीला मिळू शकणारे आर्थिक हक्क त्या स्त्रीला मिळाले नाहीत. धर्म कोणताही असो, सभागृहात फेरे घेऊन ‘नोंदणी पुढे पाहू’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हा निकाल ध्यानात ठेवावा. लेकीला दागिने देताना आपण तोळे मोजतो; तिच्या हाती विवाहाचा कायदेशीर दाखला आहे का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. सर्वसाधारण रीत अशी की, आधी परवाना घ्यायचा, मग अधिकृत व्यक्तीने विवाह लावायचा आणि सही केलेला परवाना कार्यालयाकडे परत पाठवायचा. न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळाल्यावर सामान्यतः २४ तास थांबावे लागते आणि तो ६० दिवस टिकतो. ऑनलाइन नियुक्ती घेऊन मित्राकडून लग्न लावून घेण्याची तेथे पद्धत रूढ आहे. परंतु टेनेसीसारख्या राज्याने २०१९ मध्ये अशा नियुक्तीविरुद्ध कायदा केला. तेव्हा मित्राचा अधिकार त्या विशिष्ट राज्यात चालतो का, हे कारकुनाच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

‘आधी कागद, मग फेरे’ यातील धोका

व्हिसा लवकर मिळावा म्हणून भारतात घाईने विवाहाचा दाखला काढायचा आणि विधी नंतर परदेशात सावकाश करायचे, हा मार्ग अनेक घरांत सुचवला जातो. तो जपून वापरावा. जैन समाजाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे आणि त्याच्या सातव्या कलमानुसार विवाह दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधिपूर्वक व्हावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही. त्या प्रकरणातील जोडप्यानेही दाखला आधी घेतला होता आणि समारंभ पुढे करायचा बेत होता. विधींशिवाय विवाह करायचा असेल, तर त्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे आणि तेथे ३० दिवसांची सूचना द्यावी लागते.

उलट बाजूनेही सावध राहावे. भारतात कायदेशीर विवाह झाला असेल, तर ऑस्ट्रेलियातील सेलिब्रंट त्याच जोडप्याचा सर्वसाधारणपणे पुन्हा कायदेशीर विवाह लावू शकत नाही. तो समारंभ करू शकतो, पण हा कायदेशीर विवाह नव्हे हे स्पष्ट ठेवून. म्हणून सेलिब्रंटपासून भारतातील विवाह लपवू नये. वधू-वरांपैकी एकजण भारतीय नागरिक असल्यास १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यासमोर विवाह करण्याचीही सोय आहे. कोणता मार्ग आपल्या परिस्थितीला योग्य, हे तिकिटे काढण्यापूर्वी जाणत्या वकिलाला विचारावे.

समारंभात सेलिब्रंट देतो ते शोभिवंत प्रमाणपत्र चौकटीत लावण्यासाठी ठीक. सरकारी कामांसाठी नोंदणी कार्यालयाकडील अधिकृत दाखला वेगळा मागवावा लागतो. भारतात वापरण्यासाठी त्यावर त्या देशाचे ‘अपोस्टिल’ हे प्रमाणीकरण करून घ्यावे. मुलगा-सून तेथेच असताना हे काम सोपे असते. दहा वर्षांनी मालमत्तेच्या कामासाठी धावाधाव करताना तेच कठीण होते.

निरोपाच्या वेळी

सेलिब्रंटची गरज केवळ मांडवात भासते असे नाही. मुलांकडे राहायला गेलेले आई-वडील तेथेच देह ठेवतात, तेव्हा कुटुंब एकाकी असते. आपल्याकडे काही तासांत अंत्यविधी होतात. तेथे दाखले आणि दाहगृहातील वेळ मिळेपर्यंत काही दिवस जातात. दाहगृहाच्या सभागृहात ठराविकच अवधी मिळतो. त्या वेळी काय बोलायचे, कोणी बोलायचे, नवकार मंत्र केव्हा म्हणायचा, हे सुचण्याच्या मनःस्थितीत कोणी नसते.

अंत्यविधीच्या सेलिब्रंटला विवाहासारखी सरकारी नोंदणी लागत नाही. म्हणून ओळखीतून, संघाला विचारून निवड करावी. अनुभवी सेलिब्रंट घरी येऊन शांतपणे ऐकतो. गावाकडची पेढी, पहाटेचे सामायिक, पर्युषणातील उपवास, नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी यांतून तो एक जीवनपट उभा करतो. शेजारी, मुलाचे सहकारी आणि नातवंडांचे शिक्षक यांना प्रथमच कळते की, बागेत रोज सकाळी शांतपणे फिरणारे ते वृद्ध गृहस्थ कोण होते. विलाप नको, आत्म्याच्या पुढील प्रवासाला शांतता हवी, ही आपली धारणाही त्याला आधी सांगून ठेवावी. भारतातील नातलगांसाठी थेट प्रक्षेपणाची सोय होते का, हेही विचारावे. तेथील दुपार ही येथील पहाट असू शकते.

निवड करताना

सेलिब्रंट ठरवताना पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. या ठिकाणी विवाह लावण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला आहे का आणि त्याची नोंद कोठे पाहायला मिळेल? भारतीय, शक्य तर जैन विवाहाचा अनुभव आहे का? आमच्या पंडितांबरोबर एकत्र काम करण्याची तयारी आहे का आणि त्यांच्याशी आधी बैठक कराल का? संहितेचा मसुदा केव्हा दाखवाल आणि किती दुरुस्त्या कराल? आजारी पडलात तर पर्यायी व्यक्ती कोण? शुल्कात तालीम, प्रवास, ध्वनिक्षेपक आणि कागदपत्रे दाखल करणे हे सारे येते का? ऑस्ट्रेलियात हे शुल्क सरकार ठरवत नाही, सेलिब्रंट स्वतः ठरवतो; म्हणून जे ठरेल ते लेखी घ्यावे, विसार आणि परताव्याच्या अटींसह. सर्वांत स्वस्त किंवा सर्वांत महाग, या दोन्ही टोकांपेक्षा जो अधिक ऐकतो आणि कमी बोलतो, तो निवडावा.

पंडितांचे काम सेलिब्रंट करू शकत नाही आणि सेलिब्रंटचे काम पंडितांनी करावे अशी अपेक्षाही ठेवू नये. एक धर्माची साक्ष देतो, दुसरा राज्याची. आपल्या पूर्वजांनी अनोळखी बाजारपेठांत जाऊन तेथील वजने-मापे शिकून घेतली, पण आपल्या चोपडीवरचे ‘श्री’ कधी पुसले नाही. परदेशात घर मांडणाऱ्या नव्या पिढीने तेथील कायदा तितक्याच काटेकोरपणे शिकावा आणि आपले विधी तितक्याच निष्ठेने जपावेत. दोन्ही खाती जुळली, की त्या मांडवातून बाहेर पडणारे जोडपे दोन्ही देशांत ताठ मानेने उभे राहील.